स्पुटनिकच्या ‘बीप बीप’मधून शास्त्रज्ञांना काय कळले?

गेल्या अंकातील अंतराळ-स्पर्धेवरील लेखात मी लिहिले होते की, ‘स्पुटनिक-१’ या पहिल्या कृत्रिम उपग्रहात रेडिओ प्रेषक आणि त्याला वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्या यांखेरीज जवळपास काहीच नव्हते. या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : स्पुटनिक-१ मध्ये वैज्ञानिक उपकरणेच नव्हती, तर त्याच्या उड्डाणाला संशोधन कसे म्हणायचे? तो निव्वळ प्रचार नव्हता काय?

उत्तर : प्रचार होताच, परंतु ‘निव्वळ’ हा शब्द मला मान्य नाही. मुळात सोव्हिएत संघाला हा उपग्रह पहिला म्हणून सोडायचाच नव्हता. सोव्हिएत अग्निबाणांचे मुख्य अभियंते सर्गेई कोरोल्योव यांच्या संस्थेने आधी एका टनाहून जड, अनेक उपकरणांनी सज्ज अशा उपग्रहाची योजना आखली होती आणि तिला ‘ऑब्जेक्ट डी’ असे नाव होते. ती उपकरणे वेळेवर तयार होईनात आणि अमेरिका आपल्या आधी बाजी मारील ही धास्ती तर होतीच, म्हणून कोरोल्योव यांनी शक्य तितका साधा उपग्रह घाईने बांधून घेतला. त्याचे कागदोपत्री नावच मुळी ‘सर्वांत साधा उपग्रह’ असे होते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी कझाकस्तानातील त्युराताम येथून ‘आर-७’ या अग्निबाणाने तो कक्षेत सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोग्रॅम वजनाचा हा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा चकचकीत गोळा होता, आणि त्या वजनातील सुमारे ५१ किलोग्रॅम केवळ बॅटऱ्यांचे होते.

आता त्या ‘बीप बीप’विषयी. गोळ्यात नायट्रोजन वायू भरलेला होता. आतील तापमान किंवा दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास प्रत्येक ‘बीप’ची लांबी बदलावी, अशी जोडणी केलेली होती. एखाद्या सूक्ष्म उल्केने कवचाला भोक पाडले असते, तर वायू निसटून दाब उतरला असता आणि ती गोष्ट जमिनीवर ऐकू आली असती. तसे काही घडले नाही आणि ते न घडणे हीदेखील माहितीच होती, कारण अवकाशात सूक्ष्म उल्कांचा मारा किती तीव्र असेल याविषयी त्या काळी नुसते अंदाज होते.

तथापि खरे संशोधन उपग्रहाच्या आत नव्हते; ते त्याच्या कक्षेत होते. वातावरणातून फिरणारा गुळगुळीत गोळा हेच एक मापनयंत्र असते. त्याचे वस्तुमान आणि आकार ठाऊक असला की, त्याची कक्षा किती लवकर आक्रसते यावरून त्या उंचीवरील हवेची घनता काढता येते. येथे एक गंमत सांगितली पाहिजे. हवेच्या घर्षणाने उपग्रहाची ऊर्जा कमी होते, तरीही त्याचा वेग मात्र वाढतो. तो खालच्या, लहान कक्षेत उतरतो आणि लहान कक्षेतील वेग नेहमीच अधिक असतो. स्पुटनिक-१ आरंभी ९६.२ मिनिटांत एक फेरी पूर्ण करीत असे. पुढे हा काळ दिवसागणिक थोडाथोडा घटत गेला. या घटीच्या हिशेबातून २०० किलोमीटरच्या आसपासची हवा तोवरच्या तक्त्यांपेक्षा कित्येक पट दाट असल्याचे उघड झाले. पुढील एक-दोन वर्षांत लुइजी याक्किया आणि वोल्फगांग प्रीस्टर या संशोधकांना असेही आढळले की, उपग्रहांवरील हा रोध स्थिर नसून सुमारे २७ दिवसांच्या अंतराने कमीजास्त होतो. सूर्य स्वतःभोवती फिरताना त्याचे क्रियाशील भाग पृथ्वीसमोर पुन्हा येण्यास साधारण तितकेच दिवस लागतात. थोडक्यात, सूर्य तापला की पृथ्वीचे वरचे वातावरण फुगते, हे कोणत्याही तापमापकाशिवाय, केवळ उपग्रहांच्या वेळा टिपून समजले.

रेडिओ लहरींचा भाग याहूनही रंजक आहे. उपग्रह २०.००५ आणि ४०.००२ मेगाहर्ट्झ या दोन कंप्रतांवर संदेश पाठवीत असे. पृथ्वीच्या एकत्रित अभ्यासासाठी अनेक देशांनी ठरविलेल्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षासाठी, म्हणजे १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ या कालावधीसाठी, उपग्रहांची कंप्रता १०८ मेगाहर्ट्झ असावी असे ठरले होते आणि अमेरिकेने आपली माग काढणारी केंद्रे त्याप्रमाणे उभारली होती. स्पुटनिक उडाल्यावर ती घाईघाईने बदलून घ्यावी लागली. सोव्हिएत निवड खोडसाळ होती, अशी तक्रार तेव्हा झाली. मात्र त्या कंप्रता एका सोव्हिएत रेडिओ मासिकात आधीच छापून आल्या होत्या, आणि २० मेगाहर्ट्झच्या आसपासचा संदेश साध्या शॉर्टवेव्ह संचावर जगभरच्या हौशी मंडळींना ऐकता येत होता, ही त्यातील चतुराई. वैज्ञानिकांच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित कणांनी भरलेला वरचा थर, या दोन कंप्रतांच्या लहरींना वेगवेगळ्या प्रमाणात वाकविते. त्यामुळे उपग्रह क्षितिजाआड जाताना दोन्ही संदेश कसे क्षीण होतात, याची तुलना करून आयनांबरातील इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा अंदाज बांधता आला. तोवर जमिनीवरून पाठविलेल्या लहरी आयनांबराच्या खालच्या अंगावरूनच परत फिरत असल्याने त्याचा वरचा भाग जवळजवळ अज्ञात होता.

या संदेशांतून निघालेला सर्वांत दूरगामी शोध मात्र कोणी योजलेलाच नव्हता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ कुतूहलापोटी स्पुटनिकचा आवाज ऐकत बसले. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर उंच वाटतो आणि ती लांब जाऊ लागली की उतरतो, तसाच बदल त्यांना संदेशाच्या कंप्रतेत आढळला. या डॉप्लर परिणामाच्या आलेखावरून, एकाच ठिकाणी बसून, उपग्रहाची संपूर्ण कक्षा काढता येते, हे त्यांनी दाखविले. १९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्‌लुअर यांनी प्रश्न उलटा केला : उपग्रहाची कक्षा आधीच ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याला आपले स्वतःचे स्थान काढता येईल काय? समुद्रात खोलवर फिरणाऱ्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांना नेमके तेच हवे होते. त्यातून ‘ट्रान्झिट’ ही जगातील पहिली उपग्रहाधारित मार्गदर्शन प्रणाली उभी राहिली आणि तिचा पहिला यशस्वी उपग्रह १३ एप्रिल १९६० रोजी कक्षेत गेला. आज हातातील दूरध्वनी आपल्याला रस्ता दाखवितो त्यामागील प्रणालीची रीत वेगळी आहे, परंतु उपग्रहाच्या संदेशावरून आपले ठिकाण शोधण्याची कल्पना येथून निघाली.

प्रश्न : माझे आजोबा सांगत असत की, त्यांनी १९५७ मध्ये स्पुटनिक नुसत्या डोळ्यांनी आकाशात जाताना पाहिला. हे शक्य आहे का?

उत्तर : आजोबांनी जे पाहिले ते खरे, पण तो बहुधा स्पुटनिक नसावा. ५८ सेंटिमीटरचा तो गोळा अत्यंत काळोख्या आकाशातही दृष्टीच्या टोकाशी असे, आणि तोही कोठे पाहायचे हे माहीत असलेल्याला. ठळक ताऱ्यासारखा सरकत जाणारा ठिपका हा त्याच्याच मागोमाग कक्षेत गेलेला आर-७ अग्निबाणाचा मोठा, रिकामा गाभा होता. इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक येथील ७६ मीटर व्यासाच्या, नुकत्याच उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीने रडारच्या साहाय्याने टिपला तोही हाच गाभा. तो डिसेंबर १९५७ च्या आरंभी वातावरणात जळून गेला. आजोबांच्या आठवणीचे मोल त्याने कमी होत नाही. त्या काळी अशीच निरीक्षणे नोंदविण्यासाठी अमेरिकेच्या स्मिथसोनियन वेधशाळेने जगभर हौशी निरीक्षकांची पथके उभारली होती, आणि तिच्या खास बेकर-नन कॅमेऱ्यांच्या १२ केंद्रांपैकी एक नैनीतालला होते.

प्रश्न : पृथ्वीभोवतीचे प्रारणपट्टे (वेगवान विद्युतभारित कणांचे पट्टे) अमेरिकेच्या एक्सप्लोरर-१ ने शोधले, असे पाठ्यपुस्तकात आहे. परंतु त्या उपग्रहावरील गणित्र, म्हणजे कण मोजणारे यंत्र, बंद पडले होते, असेही वाचनात आले. बंद पडलेल्या यंत्राने शोध कसा लागला?

उत्तर : या प्रश्नासाठी मी पत्रलेखकाचा विशेष आभारी आहे, कारण या साऱ्या कालखंडातील सर्वांत शिकविणारी कथा हीच आहे.

३१ जानेवारी १९५८ रोजी केप कॅनाव्हेरल येथून उडालेला एक्सप्लोरर-१ अखेरच्या टप्प्याच्या रिकाम्या कवचासह अवघा १४ किलोग्रॅमचा होता. आयोवा विद्यापीठातील जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटाने त्यात एक गायगर-म्यूलर गणित्र बसविले होते. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांची मोजदाद करणे एवढाच त्याचा हेतू होता, आणि दर सेकंदाला सुमारे ३० नोंदी व्हाव्यात अशी अपेक्षा होती. कक्षा लंबवर्तुळाकार असून तिची उंची सुमारे ३६० ते २,५५० किलोमीटर यांच्या दरम्यान बदलत असे. घाईमुळे फितीवर नोंद ठेवणारे यंत्र या उपग्रहावर बसविता आले नव्हते. त्यामुळे एखाद्या केंद्राच्या टापूतून उपग्रह जाई तेवढ्या काही मिनिटांच्याच नोंदी हाती पडत. उपग्रह खाली असताना आकडे अपेक्षेप्रमाणे येत. वर, विशेषतः दक्षिण अमेरिकेच्या केंद्रांवरून घेतलेल्या नोंदींत, कधी कधी सलग शून्य येई. थोड्या वेळाने गणित्र पुन्हा नीट चाले.

यंत्र बिघडले म्हणावे, तर ते आपोआप दुरुस्त कसे होते? आणि विश्वकिरण एकाएकी नाहीसे झाले म्हणावे, तर ते गेले कोठे? एक्सप्लोरर-२ हा उपग्रह शेवटचा टप्पा न पेटल्याने कक्षेत पोहोचलाच नाही. २६ मार्च १९५८ रोजी उडालेल्या एक्सप्लोरर-३ वर मात्र जॉर्ज लुडविग यांनी बनविलेली चिमुकली ध्वनिफीत होती. ती संपूर्ण फेरीच्या नोंदी साठवी आणि केंद्रावरून आज्ञा मिळताच काही सेकंदांत ओकून टाकी. या सलग नोंदीत दिसले की, उंची वाढू लागली की आकडे चढत जातात, यंत्राच्या कमाल मर्यादेला भिडतात आणि मग धाडकन शून्यावर येतात. उपग्रह उतरू लागला की हाच क्रम उलट घडतो. कार्ल मॅक्‌इल्वेन या विद्यार्थ्याने तसेच एक गणित्र प्रयोगशाळेतील क्ष-किरण यंत्रासमोर धरले. मारा बेताचा असेतो नोंदी वाढत गेल्या, आणि तो अतिशय तीव्र करताच नोंद शून्य झाली.

कारण असे की, प्रत्येक कण मोजल्यावर गायगर नळीला पूर्वस्थितीत येण्यास क्षणभर उसंत लागते. कण इतक्या दाटीने येऊ लागले की तिला ती उसंतच मिळत नाही. तिचे स्पंद क्षीण होतात आणि पुढच्या विद्युतमंडलाला ते मोजण्याइतके मोठे वाटत नाहीत. म्हणजे शून्याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा नसून ‘मोजता येणार नाही इतके’ असा होता. तेथील प्रारण अपेक्षेच्या किमान हजारपट असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून उत्तर-दक्षिण हेलकावे घेणाऱ्या विद्युतभारित कणांचा हा साठा १ मे १९५८ रोजी वॉशिंग्टन येथे व्हॅन ॲलन यांनी जाहीर केला. पाठ्यपुस्तके एक्सप्लोरर-१ ला श्रेय देतात ते चूक नाही, परंतु एक्सप्लोरर-३ ची फीत आणि प्रयोगशाळेतील ती चाचणी वगळली, तर ते शून्य शून्यच राहिले असते.

दुसरा, बाहेरचा पट्टा उलगडला तो एका अपयशी मोहिमेमुळे. चंद्राकडे निघालेले पायोनियर-३ हे यान ६ डिसेंबर १९५८ रोजी उडाले, वेग अपुरा पडल्याने १ लाख किलोमीटरहून थोडे वर जाऊन परत कोसळले, आणि या खटाटोपात जाताना व येताना असे दोनदा त्याने साऱ्या प्रदेशाचे मापन करून दिले.

प्रश्न : याच संदर्भात : स्पुटनिक-२ एक्सप्लोररच्या आधी उडाला आणि त्यावरही प्रारणमापक होते. मग हा शोध सोव्हिएत शास्त्रज्ञांना आधी का लागला नाही?

उत्तर : गोपनीयता आणि भूगोल या दोहोंमुळे. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी उडालेल्या स्पुटनिक-२ वर सर्गेई व्हेर्नोव यांच्या गटाची गणित्रे होती आणि त्यांनी वाढीव प्रारण नोंदविलेही होते. परंतु सोव्हिएत केंद्रे आपल्याच भूमीवर होती, आणि तेथून जाताना उपग्रह कक्षेच्या खालच्या भागात असे. तो सर्वांत उंच जाई दक्षिण गोलार्धावर. ऑस्ट्रेलियात त्याचे संदेश ध्वनिमुद्रित झाले होते. मात्र त्यांचा उलगडा करण्याची संकेतपद्धती सोव्हिएतांनी दिली नाही आणि ऑस्ट्रेलियनांनी त्या फिती दिल्या नाहीत. ज्यांच्याकडे कुलूप होते त्यांच्याकडे किल्ली नव्हती, असा हा प्रकार.

त्यानंतर १५ मे १९५८ रोजी ते ‘ऑब्जेक्ट डी’ अखेर ‘स्पुटनिक-३’ म्हणून उडाले. १,३२७ किलोग्रॅम वजनाची ती एक तरंगती प्रयोगशाळाच होती. दुर्दैवाने त्यावरील नोंद साठविणारे फीतयंत्र चालले नाही, आणि पुन्हा एकदा आपल्याच भूमीवरील तुकड्यातुकड्यांच्या नोंदींवर समाधान मानावे लागले. तरीही व्हेर्नोव आणि अलेक्सांद्र चुडाकोव यांनी त्यांतून प्रारणपट्ट्यांचे स्वरूप समजून घेण्यात मोलाची भर घातली. १,३२७ किलोग्रॅमचा उपग्रह हरला आणि १४ किलोग्रॅमचा जिंकला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु फरक वजनाचा नव्हता, एका चालू फितीचा आणि जगभर पसरलेल्या केंद्रांचा होता.

प्रश्न : अमेरिकेकडे व्हेर्नर फॉन ब्राउन यांच्यासारखा अग्निबाणतज्ज्ञ असताना ती मागे का पडली?

उत्तर : तिने निवड तशी केली म्हणून. १९५५ मध्ये अमेरिकेने भूभौतिकीय वर्षात उपग्रह सोडण्याचे जाहीर केले आणि त्यासाठी नौदलाचा ‘व्हॅनगार्ड’ प्रकल्प निवडला. त्याचा अग्निबाण वातावरण-संशोधनाच्या अग्निबाणांवर आधारित होता. फॉन ब्राउन यांचा मात्र लष्करी क्षेपणास्त्रापासून बनलेला असल्याने मागे ठेवला गेला. फॉन ब्राउन यांच्या गटाने २० सप्टेंबर १९५६ रोजी सुमारे १,१०० किलोमीटर उंची गाठली होती आणि त्या उड्डाणात चौथ्या टप्प्यात इंधनाऐवजी वाळू होती; इंधन असते, तर तो तेव्हाच कक्षेत जाऊ शकला असता. व्हॅनगार्डचे ६ डिसेंबर १९५७ चे उड्डाण साऱ्या जगासमोर, मीटरभर उंचीवरून खाली बसून भडकले. त्याआधी ८ नोव्हेंबरला फॉन ब्राउन यांना परवानगी मिळाली होती, आणि ८४ दिवसांत एक्सप्लोरर-१ उडाला. सोव्हिएत अग्निबाण एवढा बलवान होता याचे कारण अवकाशविज्ञान नव्हे. आर-७ हे मुळात अतिशय जड अण्वस्त्र खंडापार नेण्यासाठी बनविलेले क्षेपणास्त्र होते.

प्रश्न : स्पुटनिक-२ मधून गेलेल्या लायका या कुत्रीच्या बलिदानातून विज्ञानाला काय मिळाले?

उत्तर : प्रक्षेपणाचा ताण आणि त्यानंतरची वजनरहित अवस्था सजीव सहन करू शकतो, एवढे कळले, तिच्या नाडीच्या आणि श्वसनाच्या नोंदी मिळाल्या. यान परत आणण्याची सोय मुळातच नव्हती. ती काही दिवस जगली असे त्या वेळी भासविले गेले. प्रत्यक्षात अतिउष्णतेने ती काही तासांतच मरण पावली, हे २००२ मध्ये उघड झाले. त्या प्रयोगातील एक शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी त्याआधीच, १९९८ मध्ये, जाहीरपणे खेद व्यक्त केला होता. माझे मत विचाराल तर, कक्षा आणि लहरी यांच्या अभ्यासाने जे दिले त्याच्या तुलनेत हा लाभ फार तोकडा होता.

प्रश्न : या आरंभीच्या उपग्रहांपैकी आज एखादा शिल्लक आहे का?

उत्तर : कक्षेत एक आहे. स्पुटनिक-१ हा ४ जानेवारी १९५८ रोजी, स्पुटनिक-२ त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, स्पुटनिक-३ एप्रिल १९६० मध्ये, तर एक्सप्लोरर-१ हा ३१ मार्च १९७० रोजी वातावरणात नष्ट झाला. १७ मार्च १९५८ रोजी उडालेला व्हॅनगार्ड-१ मात्र अद्याप फिरतो आहे. १.४७ किलोग्रॅमचा हा उपग्रह सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी ग्रेपफ्रूट या फळाची उपमा देऊन थट्टेवारी नेला होता. सौरघटांवर चालणारा हा पहिला उपग्रह असल्याने त्याचा एक प्रेषक १९६४ पर्यंत बोलत राहिला, तर केवळ बॅटरीवर चालणारा त्याचा जोडीदार काही महिन्यांतच गप्प झाला होता.

दीर्घकाळ माग काढता आल्यामुळे या उपग्रहाने भूगणितालाही, म्हणजे पृथ्वीचा आकार मोजणाऱ्या शास्त्रालाही, मोठी देणगी दिली. पृथ्वीच्या विषुववृत्तीय फुगवट्यामुळे उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू वळत जाते. स्पुटनिकांच्या बाबतीत ते दररोज अडीच-तीन अंश वळे. स्पुटनिक-२ च्या अशा मापनांवरून पृथ्वीचे चपटेपण (ध्रुवांमधील व्यास विषुववृत्तीय व्यासापेक्षा जितक्या अंशाने कमी आहे तो) १/२९७ नसून १/२९८.३ च्या जवळपास असल्याचे ठरले. व्हॅनगार्ड-१ च्या कक्षेतील त्याहून बारीक फरकांवरून जॉन ओकीफ, ॲन एकल्स आणि केनेथ स्क्वायर्स यांनी १९५९ मध्ये दाखविले की, उत्तर आणि दक्षिण गोलार्धही एकसारखे नाहीत. सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग उत्तर ध्रुवाकडे सुमारे १५ मीटर वर आणि दक्षिण ध्रुवाकडे तितकाच खाली आहे. वृत्तपत्रांनी लगेच पृथ्वीला नासपतीच्या आकाराची ठरविली. १२,७०० किलोमीटर व्यासाच्या गोलावरील १५ मीटर म्हणजे काय, हे लक्षात घेतले तर ती उपमा किती ताणलेली होती ते दिसेल.

प्रत्यक्ष जाऊन पाहायचा असेल, तर त्या काळातील एक मूळ उपग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आहे. ६ डिसेंबर १९५७ रोजी व्हॅनगार्डचा अग्निबाण पेटला तेव्हा त्याच्या टोकावरील चिमुकला उपग्रह उडून बाजूला पडला आणि जमिनीवर पडल्या पडल्या संदेश पाठवू लागला होता. तोच तो, त्याच्या अँटेना अजून वाकलेल्याच आहेत.